बोळातलं नागमोडी रेलिंग: उद्यमबागच्या फॅब्रिकेशनवाल्यांचं काम कसं झालं

बेळगावात वडगावातल्या आमच्या बोळाचं भांडण बऱ्याच जणांच्या कानावर गेलंय, आणि गाड्या अडवायला रेलिंग बसल्यापासून कोण ना कोण विचारूलालेत की कुणाकडनं करून घेतलं, किती पडले, आमच्याकडंबी तसंच पाहिजे, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

बोळ सहा फुटी. ह्यातनं गेलं की लगेच नाथ पै सर्कलकडच्या रस्त्याला लागतो, नाहीतर अख्ख्या गल्लीला वळसा. शाळेची पोरं, मागावर कामाला जाणारे, दळण आणणाऱ्या बायका, मंगाईच्या देवळाला जाणारी म्हातारी माणसं सगळी पिढ्यान्‌पिढ्या इथनंच जातात. चालणाऱ्यांचा कुणाला त्रास नव्हता. पण गाडीवाल्यांना बोळ सापडला आणि रात्री अकराला पण हॉर्न मारत सुसाट जायला लागले, त्यात कोपऱ्यावरच्या घरातल्या आक्का उंबऱ्यातनं बाहेर पडताना मोटरसायकलचं हँडल लागून पडल्या आणि मनगट मोडलं. दुसऱ्याच आठवड्यात त्या घरच्यांनी बोळाला पत्र्याचं गेट ठोकलं आणि कुलूप घातलं. त्यांचा राग शंभर टक्के खरा होता, मी त्यांच्याच बाजूनं बोललो असतो, पण कुलूप बसलं ते पायी जाणाऱ्यांना. गाडीवाल्यांना काय, ते दुसरीकडनं गेले.

मग जे व्हायचं ते झालं. निवेदन, सह्या, गल्लीत दोन तट, हळदीकुंकवाला एकमेकींकडं जाणं बंद. वकिलांनी सांगितलं ते मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८८२ च्या इझमेंट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे दुसऱ्याच्या जागेतली वाट तुम्ही वीस वर्षं उघडपणे, तंटा न होता, खंड न पडता, हक्कानं वापरली असंल तर वहिवाटीचा हक्क मागता येतो, जागा सरकारी असंल तर तीस वर्षं. मालकाच्या परवानगीनं जात असाल तर ते धरत नाहीत. आणि वाट अडवलेली माहीत असून वर्षभर गप्प बसलात तर वहिवाटीत खंड पडला असं धरतात, म्हणून कुलूप बघून "बघू पुढं" म्हणत बसू नका, लगेच लेखी हरकत घ्या. हे सगळं बरोबर, पण दावा घातला की किती वर्षं चालणार आणि तोवर पोरांनी कुठनं जायचं?

तेव्हा दोन्ही बाजूंनी कबूल होऊन उद्यमबागच्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका वर्कशॉपमधले मेस्त्री आणले. आल्या आल्या त्यांनी एकच विचारलं, "काय जाऊ द्यायचंय आणि काय नाही, ते पहिला सांगा." आमचं म्हणणं होतं वाट अरुंद करा. ते म्हणाले तसं करून काय उपयोग नाही, अ‍ॅक्टिव्हा जवळपास व्हीलचेअरएवढीच रुंद असते, गाडी अडवायला गेला तर व्हीलचेअर पण अडकणार, गाडी अडवायची ती लांबीवर. मोटरसायकल दोन मीटरच्या आसपास लांब, व्हीलचेअर सव्वा मीटरच्या आत. मग खडूनं जमिनीवर रेघा मारल्या, विटा लावल्या, स्वतःची गाडी आणून चालवून दाखवली, अडकली. तीन फुटाचं एक रेलिंग डाव्या भिंतीला, चार फूट सोडून तीन फुटाचं दुसरं उजव्या भिंतीला. माणूस, बाबागाडी, व्हीलचेअर वळून जाते, सायकल हातात धरून जाते, गाडीवर बसून कुणी जाऊ शकत नाही.

सगळं ठरलं आणि आमच्या गल्लीतले एक मामा मागनं बोलले, "आणि तिरडी?" कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं ते. सगळे गप्प. मेस्त्री खाली बसले, परत टेप लावला आणि म्हणाले उजवीकडचं रेलिंग काढता येणारं करतो. जमिनीत पाईपचे सॉकेट गाडले, रेलिंग वरनं त्यात बसतं, पिन आणि कुलूप. दोन माणसांनी उचललं की निघतं. गणपतीची मूर्ती पण त्यामुळंच जाऊ शकली. एक किल्ली कोपऱ्यावरच्या घरात, एक मंडळाकडं. ज्यांनी वाट बंद केली त्यांच्याच हातात किल्ली द्यायची म्हटल्यावर थोडी कुरकुर झाली, पण मला हे फार पटलं, त्यांच्या आक्कांचाच हात मोडलाय.

कामाबद्दल म्हणाल तर वेल्डिंग एक नंबर, सांधे घासून गुळगुळीत, पोरं हात फिरवत जातात तरी कुठं टोक लागत नाही. आधी रेड ऑक्साईड, मग पिवळा रंग, त्यावर रात्री चमकणारी पट्टी. सांगितलेल्या दिवशी आले, मोडलेली फरशी नीट बसवून, बोळ झाडून गेले. मजुरीसकट वीस हजाराच्या आत झालं, गल्लीनं वर्गणी काढली आणि कोपऱ्यावरच्या घरानं आपणहून जास्त घातली.

तक्रार एक आहे आणि ती बारकी नाही. सॉकेटला खाली पाणी जायला भोक ठेवलं नाही. बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, जुलैमध्ये सॉकेट चिखलानं भरले आणि रेलिंग गच्च अडकलं, गणपतीच्या आधी खराट्याच्या काड्यांनी उकरून काढावं लागलं. मध्यरात्री गरज पडली असती तर काय केलं असतं? फोन केल्यावर येऊन बघून गेले, फुकट करून देतो म्हणालेत, अजून झालं नाही. आणि गाडी ढकलत, मागचं चाक उचलून कुणी काढलीच तर निघते, ते धरून चला.

पाचपैकी चार. करून घेणार असाल तर सॉकेटला भोक आणि वरनं झाकण हे ऑर्डर देतानाच लिहून घ्या, आणि माप घ्यायला येतील तेव्हा गल्लीतली म्हातारी माणसं हजर ठेवा.