पंचवीस माणसं आणि घरचा गॅस: पावभाजी, मिसळ की बाहेरून?

शनिवारी रात्री पंचवीस जण जेवायला यायचे आहेत, फ्लॅट दोन बेडरूमचा, शेगड्या दोन-तीन आणि खर्च आटोपशीर हवा. अशा वेळी फिरून फिरून दोनच नावं पुढे येतात, पावभाजी आणि मिसळ. भेळ तिसरी, पण ती संध्याकाळी पाचच्या बोलावण्याला ठीक. रात्री आठला आलेल्या माणसाची भेळेवर बोळवण केली की तो घरी जाऊन परत जेवतो.

पैशांचा हिशेब सगळेच करतात. गॅसपाशी कोण किती वेळ उभं राहणार हा हिशेब मात्र राहून जातो, आणि पार्टी रंगते की नाही हे बरंचसं तिथंच ठरतं.

पावभाजीचं सामान आधी पाहू. बटाटे अडीच किलो, टोमॅटो २ किलो, फ्लॉवर १ किलो, मटार पाऊण किलो, ढोबळी मिरची अर्धा किलो, भाजीत घालायला कांदा १ किलो आणि वरून घ्यायला पाऊण किलो. पावभाजी मसाला १०० ते १२५ ग्रॅम, लिंबं १२-१५, बटर भाजी आणि पाव धरून पाऊण किलो. यात बटरच खिसा कापतं. टोमॅटोचा तर भरवसाच नाही. २०२३ च्या जुलैत तो किलोला शंभरीच्या पार गेला होता. हिवाळ्यात ताजा मटार स्वस्त असतो तेव्हा पावभाजी खरोखर परवडते, पावसाळ्यात फारशी नाही.

भाज्या ५ लिटरच्या कुकरमध्ये एका वेळी मावत नाहीत, दोन-तीनदा लावावा लागतो. मग सात-आठ किलो भाजी एका पातेल्यात घोटायची तर बटाटा तळाला धरतो, कारण घरच्या शेगडीची आच मधोमध एकवटते. पातेल्याखाली जाड तवा ठेवा. तरी लागलीच, तर तळ अजिबात खरवडू नका; वरची भाजी अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. खरवडलेला करपट वास मसाल्याने झाकत नाही.

पण खरी अडचण पावाची. माणशी ३ धरले तर ७५ पाव. घरच्या तव्यावर उघडलेले तीन पाव मावतात, एका खेपेला दोन मिनिटं. म्हणजे पंचवीस खेपा, निव्वळ पन्नास मिनिटं. त्यात पाहुणे एकदम बसत नाहीत, त्यामुळे घरातलं एक माणूस आठ ते दहा तव्यापाशीच अडकतं. (बहुतेक वेळा ते कोण, हे सांगायला नको.) ओव्हन असेल तर बटर लावलेले पाव १८० अंशांवर पाच मिनिटं ठेवून बरंच निभावतं.

मिसळीचं काम उलटं आहे. तिला आदले दोन दिवस हवेत, ऐनवेळी जवळजवळ काही नाही.

मटकी सव्वा किलो. गुरुवारी रात्री भिजत घाला, शुक्रवारी सकाळी उपसून, दोनदा धुऊन कापडात सैल बांधा. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत शनिवार सकाळ उजाडते. घट्ट बांधली किंवा बंद डब्यात कोंडली की मटकी चिकट होते आणि आंबूस वास मारते. अशी मटकी धुऊन वापरू नका, टाकून द्या. कुकर लावू नका, गाळ होतो. झाकण ठेवून दहा-बारा मिनिटांत उसळ होते.

कट सहा लिटर करा आणि शुक्रवारी रात्रीच करा, मुरलेला जास्त चांगला लागतो. कांदा पाऊण किलो आणि सुकं खोबरं पाव किलो खमंग भाजून, आलं-लसूण प्रत्येकी १०० ग्रॅम घालून वाटण. तेल ४०० मिली, कांदा-लसूण मसाला १२५ ग्रॅम. या मसाल्यात बहुधा मीठ असतंच, तेव्हा मीठ चव घेऊन शेवटी घाला. वाटणाला तेल सुटेपर्यंत परता आणि पाणी उकळतं ओता. घाईत गार पाणी ओतलं, की तर्री नीट वर येत नाही. वाढण्याआधी कट खळखळा उकळला तरी तर्री आत मिसळते. आच बंद करून दहा मिनिटं ठेवा.

फरसाण दीड किलो, कांदा १ किलो, लिंबं डझनभर, दही दीड किलो. टेबलावर क्रम उसळ, फरसाण, कांदा आणि सगळ्यात शेवटी कट. कट आधी ठेवला तर पाहुणा कांदा-लिंबू शोधेपर्यंत फरसाण मऊ पडतं. पाव भाजायचे नाहीत, जो तो आपलं आपण वाढून घेतो आणि यजमान हाउझीचे आकडे पुकारायला मोकळा. बाऊल स्टीलचेच भाड्याने आणा. पातळ कागदी वाटी गरम कटाने तळातून सुटते, आणि थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे.

खर्चातही मिसळच उजवी. तरी दोन ठिकाणी पावभाजीला पर्याय नाही. एक, पाहुण्यांत तिसरा हिस्सा लहान मुलं असली तर. बिनकटाची उसळ आणि दही यावर त्यांचं भागत नाही. दोन, जैन मंडळी येणार असतील तर. कच्च्या केळ्याची, कांदा-लसूण नसलेली भाजी वेगळ्या भांड्यात चांगली होते, तसा कट मात्र बेचव होतो.

बाहेरून मागवायचं असेल तर ॲपवरून पंचवीस प्लेटा मागवण्यात अर्थ नाही. प्रत्येक डब्याचं पॅकिंग भरा आणि वाफेने ओले झालेले पाव खा. त्यापेक्षा जवळच्या पोळीभाजी केंद्राला दोन दिवस आधी विचारा. बरीच केंद्रं किलोवर भाजी करून देतात. मदतीला कोणी नसेल किंवा माणसं चाळिसाच्या पुढे गेली, तर भाजी तिथून आणि पाव-कांदा-लिंबू घरचं, हा सौदा बरा पडतो.

पाव दोन्हीकडे लागणारच. ते बेकरीत आदल्या दिवशी सांगून ठेवा, संध्याकाळच्या घाण्यातले मागा आणि ७५ ऐवजी ८५ घ्या. शनिवारी रात्री साडेआठला बेकरीत उरतात ते सकाळचे, आणि मिसळीचे पाव भाजायचे नसल्याने शिळेपणा पहिल्या घासालाच कळतो.