चौकोन जोडून ब्लँकेट की ज्याची त्याची टोपी? दानासाठी विणणाऱ्या गटाने काय निवडावं

गट जमला, लोकर जमली, आता विणायचं काय, इथे प्रत्येक नवा गट येऊन थांबतो. मफलर, मोजे, स्वेटर सगळ्यांची नावं निघतात, पण मोज्याची टाच सगळ्यांना जमत नाही आणि एका स्वेटरला महिने जातात, त्यामुळे शेवटी दोनच गोष्टी उरतात. एकतर सगळ्यांनी छोटे चौकोन विणायचे आणि ते जोडून ब्लँकेट करायचं, नाहीतर ज्याने त्याने आपापली टोपी पूर्ण करायची. आमच्या गटाने दोन वर्षं चौकोन केले, मग टोप्यांकडे वळलो, त्यालाही आता तीन वर्षं झाली. दोन्ही मनापासून केलंय, त्यामुळे जे लिहितोय ते आमच्या बारा-पंधरा जणांच्या अनुभवावरून, तुमच्या गटाचं गणित वेगळं असू शकतं हे आधीच सांगतो.

चौकोनाची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. नवीन माणूस पहिल्याच दिवशी कामाला लागतो. चाळीस टाके घाला आणि सगळ्या सुया (विणकामात एका ओळीलाही सुई म्हणतात) सुलट विणत जा, वाढवणं नाही, घटवणं नाही. सगळं सुलट असलं की कडा वळत नाहीत (एक सुई सुलट एक उलट केली की तुकडा कडेने गुंडाळायला लागतो, नवशिक्यांना तिथेच वाटतं आपलं काहीतरी चुकलं), आणि दोन सुया मिळून जी एक उंच वळी दिसते ती मोजत गेलं की जितके टाके तितक्या वळ्या झाल्यावर चौकोन झाला, पट्टी लावायचीही गरज नाही. आमच्यात एक आजी होत्या, त्यांना फार कमी दिसायचं, त्या बोटांनी वळ्या चाचपून मोजायच्या आणि आठवड्याला दोन चौकोन द्यायच्या. टोपी त्यांना जमली नसती. उरलीसुरली लोकर खपते, पर्समध्ये मावतो, मधेच सोडून दिला तरी कुठे होतो ते विसरायला होत नाही. आणि एका ब्लँकेटमध्ये पंधरा जणांचे हात आहेत ही भावना फार मोठी असते, ती टोपीत नाही, हे मी मान्य करतो.

ही पद्धत काही हौशी प्रयोग नाही. अमेरिकेत एव्ही रोझेन यांनी १९९१ मध्ये ‘वॉर्म अप अमेरिका’ सुरू केलं ते याच कल्पनेवर, ७ बाय ९ इंचाचे तुकडे आणि असे ४९ तुकडे मिळून एक ब्लँकेट. एका माणसाला अख्खं ब्लँकेट विणणं डोंगराएवढं वाटतं पण एक तुकडा कुणालाही जमतो, हा विचार अगदी बरोबर आहे आणि तो आम्हालाही पटला होता म्हणूनच आम्ही तिथून सुरुवात केली.

पण ४९ तुकडे म्हणजे काय ते जोडायला बसल्यावर कळतं. सात आडव्या ओळी, सात उभ्या रांगा, म्हणजे ८४ कडा एकमेकींना जोडायच्या. प्रत्येक तुकड्याला सुरुवातीचं एक आणि शेवटचं एक अशी धाग्याची दोन टोकं, म्हणजे ९८ टोकं आत ओवून लपवायची, जोडायच्या धाग्याची टोकं वेगळीच. आणि ही टोकं लोक किती ठेवतात? बोटभर. बोटभर टोक सुईत ओवता येत नाही, ओवलं तरी दोन धुण्यांत बाहेर येतं आणि मग तिथून तुकडा उसवायला लागतो. मी दर भेटीला सांगायचो की वीतभर टोक सोडा, सगळे हो म्हणायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा बोटभर. यात कुणाचा दोष नव्हता, विणणाऱ्याला तुकडा पूर्ण झाला की तो पूर्णच वाटतो, पुढे त्याचं काय होतं ते त्याला दिसतच नाही.

त्याहून मोठा त्रास मापाचा. आम्ही सगळ्यांना आठ नंबरच्या सुया म्हणजे ४ मिमीच्या, लोकर एकाच जाडीची, टाके चाळीस, सगळं ठरवून दिलं होतं. तरी एका ताईंचा हात इतका घट्ट की त्यांचा चौकोन १७ सेंटिमीटरचा यायचा आणि दुसऱ्या एकींचा सैल, त्यांचा २३. दोन्ही चौकोन नुसते पाहिले तर सुंदर, एकही टाका चुकलेला नाही, पण ते शेजारी शेजारी ठेवून जोडायचे म्हणजे एकीकडे ताणायचं आणि दुसरीकडे चुण्या घालून बसवायचं, आणि एवढं करून जे तयार होतं ते सपाट पसरतच नाही, मधे फुगतं आणि कडेला ओढतं. घट्ट विणणाऱ्यांना जाड सुई दिली, थोडा फरक पडला, पण माणूस थकलेला असला की हात वेगळा पडतो, घाईत असला की वेगळा, त्यामुळे एकाच माणसाचे दोन चौकोनही सारखे नसायचे.

हे जोडायचं काम अर्थातच सगळ्यांचं नसतं. आमच्याकडे ते माझ्यावर आणि एका काकूंवर आलं. भेटीच्या दिवशी बाकीचे गप्पा मारत विणायचे आणि जाताना नवे चौकोन आमच्या हातात द्यायचे, घरी पिशव्या वाढत गेल्या, एक, दोन, तीन. दुसऱ्या वर्षी थंडी संपत आली तेव्हा आमच्याकडे दोनशेच्या आसपास चौकोन होते आणि त्या हंगामात पोचवलेलं ब्लँकेट एक. जिथे द्यायचं कबूल केलं होतं तिथल्या बाईंनी फार शांतपणे विचारलं की बाकीची कधी येतील, आणि मला उत्तर देता आलं नाही. इतक्या लोकांनी इतके तास विणलेलं ऊबदार काम पिशवीत पडून होतं आणि तिकडे थंडी सरून गेली, हे मला आजही लागतं. निवड माझ्यापुरती त्या दिवशी झाली.

अजून एक गोष्ट त्याच वर्षी कळली. मिळेल ती लोकर वापरल्यामुळे ब्लँकेटमध्ये काही चौकोन शुद्ध लोकरीचे आणि काही अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे होते. जिथे दिलं तिथे सगळं गरम पाण्यात मशिनमध्ये धुतात, धुवायलाच पाहिजे त्यांना. शुद्ध लोकर गरम पाण्यात घुसळली की तिचे तंतू एकमेकांत अडकून ती घट्ट होते आणि आक्रसते, अ‍ॅक्रिलिक तसं आक्रसत नाही. त्यामुळे काही चौकोन आटून नमद्यासारखे झाले, काही होते तेवढेच राहिले, आणि शिवणी फाटल्या. टोपीतसुद्धा शुद्ध लोकर आटते, नाही असं नाही, पण एक टोपी वाया जाते. ब्लँकेटमध्ये एक चौकोन आटला तर शेजारचे चार घेऊन जातो.

चौकोनच करायचे असतील तर आम्हाला उशिरा कळलेले दोन उपाय सांगतो, यांनी बराच त्रास वाचतो. एक म्हणजे चौकोन कोपऱ्यातून तिरका विणायचा. दोन-तीन टाक्यांनी सुरुवात, प्रत्येक सुईला एक टाका वाढवत जायचं, बाजू २० सेंटिमीटर झाली की प्रत्येक सुईला एक घटवत यायचं. यात टाके मोजायचेच नसतात, बाजू मोजायची असते, त्यामुळे हात घट्ट असो की सैल, माप जवळपास तेच येतं. दुसरा म्हणजे चौकोनाऐवजी लांब पट्ट्या. २० सेंटिमीटर रुंदीची ब्लँकेटएवढी लांब पट्टी, एकाने सोडली की दुसऱ्याने पुढे विणायची, अशा पाच पट्ट्या झाल्या की एक मीटर रुंदी मिळते आणि लांब शिवणी फक्त चार. आमचं नंतरचं एकमेव नीट ब्लँकेट असंच झालं.

आता टोपी. टोपीबद्दल नवशिक्यांच्या मनात भीती असते ती वरच्या घटवण्याची आणि गोल सुईची (दोन टोकं वायरने जोडलेली सुई). ती भीती खोटी नाही, पण सुरुवातीला दोन्ही टाळता येतात. दोन साध्या सुयांवर डोक्याच्या घेराएवढी पट्टी, खाली चार-पाच सेंटिमीटर दोन सुलट दोन उलट म्हणजे ती ताणते, मग साधं विणत उंची गाठायची, टाके बंद न करता धागा सगळ्या टाक्यांतून ओवून खेचून घ्यायचा आणि मागे एक शिवण. झाली टोपी. वर थोड्या चुण्या येतात पण वाईट दिसत नाहीत. आमच्याकडे चौकोन करणारे जवळजवळ सगळेजण महिन्याभरात इथपर्यंत आले, आणि त्यातल्या काही जणी आता गोल सुईवर बिनशिवणीची टोपी करतात. इथे गटाचा उपयोगही जास्त झाला असं मला वाटतं, कारण वरचं घटवताना प्रत्येकजण कुणाला तरी विचारतोच, शेजारी सरकून बसतो, चौकोन विणताना विचारण्यासारखं काही नसतं.

मापाचा जो प्रश्न चौकोनात जीव घेतो तो टोपीत चक्क कामाला येतो. घट्ट हाताची टोपी लहान झाली तर ती लहान डोक्याला जाते, सैल हाताची मोठ्याला. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो, ३२ आठवड्यांना जन्मलेल्याचा २९-३० च्या आसपास, मोठ्या माणसाचा ५४ ते ५८, आणि टोपी घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमीच विणायची असते म्हणजे ती नीट बसते. म्हणजे आलेली टोपी मोजायची, मापाप्रमाणे योग्य ढिगात टाकायची, बस. त्या घट्ट हाताच्या ताई आता आमच्या सगळ्या छोट्या टोप्या करतात आणि त्यांच्याइतकी नेटकी टोपी कुणाची होत नाही. आधी त्याच ताई प्रत्येक भेटीत माझा चौकोन परत लहान झाला म्हणून ओशाळायच्या.

टोपीचे तोटेही आहेत, ते लपवत नाही. पहिला म्हणजे सगळ्यांना बाळाच्याच टोप्या करायच्या असतात. लवकर होतात, गोड दिसतात, लोकरही कमी लागते. पहिल्या वर्षी आम्ही साठ छोट्या टोप्या घेऊन गेलो, तिथल्या सिस्टरनी मन लावून सगळ्या पाहिल्या आणि मग म्हणाल्या, मोठ्यांच्या आहेत का, आमच्याकडे मोठी माणसं जास्त आहेत. तेव्हापासून विणायच्या आधी विचारायचं हा नियम. दुसरा, टोपीत काळजी घ्यायच्या गोष्टी जास्त. बाळाच्या टोपीला गोंडा, बटण, लोंबती नाडी नको, सुटलं तर तोंडात जातं. जाळीची वीण सुंदर दिसते पण नको, ऊबही कमी आणि छोटी बोटं अडकतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना अंगची ऊब टिकवणं अवघड जातं म्हणून दवाखान्यात टोपी लागते, पण घरी गेल्यावर झोपताना बाळाला टोपी घालू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, अंग जास्त तापू शकतं. आम्ही टोपीबरोबर हे लिहिलेली चिठ्ठी देतो (सुटी ब्लँकेटंही पहिल्या वर्षात झोपेच्या वेळी बाळाजवळ नको म्हणतात, म्हणजे चौकोनवाल्यांनीही बाळांसाठी करताना हे लक्षात घ्यायला हवं). कीमोथेरपी चाललेल्यांसाठी करायची असेल तर टोचणारी लोकर अजिबात नको, मऊ सुती किंवा मऊ अ‍ॅक्रिलिक, आणि शिवण शक्यतो नको, केस गेलेल्या डोक्याची कातडी फार हळवी असते, आतल्या शिवणीची गाठसुद्धा खुपते. आम्ही अशी प्रत्येक टोपी आतून गालाला लावून बघतो, गालाला खुपली तर ती टोपी दुसरीकडे जाते.

ऊब म्हणून बघितलं तर ब्लँकेटची बरोबरी टोपी करू शकत नाही, हे उघड आहे. उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला टोपीपेक्षा ब्लँकेटच हवं, आणि तुम्ही ज्यांना देणार त्यांची तीच गरज असेल तर माझं सगळं ऐकून घेऊन ब्लँकेटच करा, फक्त पट्ट्यांचं करा, लोकर एकाच जातीची ठेवा आणि जोडणारे किमान चार जण कोण ते पहिला टाका घालायच्या आधी नावानिशी ठरवा. तुमच्या गटात जोडायची आवड असलेलं कुणी असेल, अशी माणसं असतात, तर चौकोनही चालतील. पण तसं कुणी नसेल, आणि गट नवा असेल, तर मी टोपीकडे झुकेन. टोपी ज्या दिवशी सुईवरून उतरते त्या दिवशी ती द्यायला तयार असते, मधे कुणाच्या घरी पिशवीत थांबत नाही.

दोनशे चौकोनांचं काय झालं तेही सांगतो, कारण नव्या गटाकडेही असा ढीग होऊ शकतो. मापाप्रमाणे वेगळे केले, लोकरीचे आणि अ‍ॅक्रिलिकचे वेगळे केले (बारीकसा धागा चिमट्यात धरून जाळून बघायचा, लोकर केसासारखी वास मारते आणि तिची राख चुरगळते, अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो). सारख्या मापाचे निघाले त्यांची दोन छोटी ब्लँकेटं झाली, ती व्हीलचेअरवर बसणाऱ्यांच्या गुडघ्यांवर घ्यायला बरोबर होतात. आणि बाकीचे बरेचसे आम्ही घडी घालून दोन बाजूंनी शिवले, वरून धागा ओवला, आणि त्याच्याही टोप्याच केल्या. त्यात कमी दिसणाऱ्या आजींचे नऊ चौकोन होते. त्या तेव्हा यायच्या थांबल्या होत्या, पण टोप्या द्यायला नेण्याआधी आम्ही त्यांच्या घरी घेऊन गेलो, आणि त्यांनी बोटांनी वळ्या मोजून आपल्या नऊच्या नऊ ओळखल्या.