ब्रिटिश ट्यूब अ‍ॅम्पचा क्लोन: जेटीएम ४५, एसी ३० की १८ वॅट?

गिटारच्या जुन्या ब्रिटिश ट्यूब (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या) अ‍ॅम्पचा क्लोन (त्याच सर्किटची नवी नक्कल) घ्यायचा ठरला की गाडी बहुतेक वेळा तीन सर्किटांपाशी येऊन थांबते. मार्शलचा जेटीएम ४५, व्हॉक्सचा एसी ३० किंवा त्याचा धाकटा भाऊ एसी १५, आणि मार्शलचंच १९७४ नावाचं मॉडेल, ज्याला सगळे ‘१८ वॅट’ म्हणून ओळखतात. तिन्ही मला मनापासून आवडतात. पण मूळच्या रूपात तिन्हींना मास्टर व्हॉल्यूम (ट्यूब पिळूनही बाहेरचा आवाज कमी ठेवणारा नॉब) नाही. ज्या आवाजासाठी आपण पैसे मोजतो, तो पॉवर ट्यूब्जना (स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूब) पिळल्याशिवाय निघत नाही. त्यामुळे आवडता गिटारवादक कोणता अ‍ॅम्प वापरायचा, हे नंतर बघा. तुम्ही वाजवता तिथे नॉब खरोखर कुठवर फिरवता येईल, हे आधी ठरवा.

इथे वॅटचे आकडे चकवतात. वॅट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, म्हणजे कानाला ‘जरा मोठा’ एवढंच जाणवतं. घरात वाजवायचं म्हणून एसी ३० ऐवजी एसी १५ घेतला, तर वजन आणि पैसे वाचतात. शेजाऱ्यांच्या त्रासात फारसा फरक पडत नाही. स्पीकरचंही तेच. सेलेस्टियन ब्लू या स्पीकरची संवेदनशीलता (तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो) १०० डेसिबल, त्याच कंपनीच्या २५ वॅटच्या ग्रीनबॅकची ९८. नुसता स्पीकर बदलून २ डेसिबल कमी होतात! १८ वॅटही बंद खोलीत पूर्ण उघडला तर कान बसतात, त्यामुळे घरी वाजवणाऱ्याने अ‍ॅटेन्युएटरचा (स्पीकरकडे जाणारी ताकद कमी करणाऱ्या डब्याचा) खर्च आधीच धरून ठेवावा.

जेटीएम ४५ लंडनच्या हॅनवेलमधला. १९६२ साली जिम मार्शल यांच्या दुकानासाठी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडर कंपनीचा बासमन हा अमेरिकन अ‍ॅम्प समोर ठेवून तो घडवला. गिटारचा सिग्नल जिथे आधी येतो त्या पहिल्या जागी १२एवाय७ ऐवजी ईसीसी८३ ट्यूब आली आणि गेन (सिग्नल किती मोठा होतो ते) वाढला. पुढे पॉवर ट्यूब म्हणून केटी६६ बसली. नावात ४५ असले तरी स्वच्छ आवाजात तो साधारण ३० वॅटचाच. क्लीन (न फाटलेला आवाज) खूप वरपर्यंत टिकतं, त्यामुळे पेडल लावून वाजवणाऱ्यांसाठी याच्यासारखा पाया नाही. दोन चॅनल छोट्या केबलने जोडून एकाचा बास आणि दुसऱ्याची धार हवी तशी मिसळता येते. मात्र हम्बकर (दोन कॉइलचा, दणकट आवाजाचा पिकअप) लावून पूर्ण उघडलात तर जाड तारांचा आवाज ढिला पडतो. घट्ट, ठोसेबाज रिफ हवे असतील तर हा तुमचा नव्हे.

व्हॉक्सचा स्वभाव वेगळा. डार्टफर्डला टॉम जेनिंग्ज यांच्या कंपनीत डिक डेनी यांनी एसी ३० आखला. चार ईएल८४ पॉवर ट्यूब, कॅथोड बायस (ट्यूबमधला प्रवाह आपोआप बेतणारी रचना), निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत फिरवून आवाज आवरणारी जोडणी) नाही. सिंगल कॉइल (एका कॉइलचा पिकअप) लावून कॉर्ड छेडली की एकेक तार सुटी ऐकू येते. कट नॉब उजवीकडे नेला की ट्रेबल कमी होतो, वाढत नाही. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. चार ईएल८४ दाटीवाटीने बसतात आणि जबरदस्त तापतात. माझ्या एका कॉम्बोत सॉकेट थेट प्रिंटेड बोर्डवर होते. उष्णतेने त्यांचे सोल्डर तडकले आणि ऐन कार्यक्रमात आवाज येऊन-जाऊन राहिला. तेव्हापासून एसी ३० चा क्लोन घ्यायचा तर सॉकेट चॅसीवर बसवलेलेच, हा माझा हट्ट आहे.

घरी आणि छोट्या मंचावर वाजवणाऱ्याला मी १८ वॅटच सुचवेन. १९६५ च्या सुमारासचं हे सर्किट: दोन ईएल८४, ईझेड८१ रेक्टिफायर (मेन्सची वीज डीसी करणारी ट्यूब), चॅनलला एक व्हॉल्यूम, एक टोन. व्हॉक्सची मोकळी धार आणि मार्शलचा खरखरीत मध्य दोन्ही यात सापडतात. कॅथोड बायस असल्याने ट्यूब बदलताना बायस जुळवत बसावं लागत नाही. क्लीन मात्र लवकर संपतं. जोरकस ड्रमरसोबत स्वच्छ वाजवायचं असेल तर पुन्हा जेटीएमकडेच वळा.

कोणताही घ्या, पैसे ट्रान्सफॉर्मरवर खर्च करा, महागड्या कपॅसिटरवर नको. मेन्सचा टॅपही (ट्रान्सफॉर्मरची कोणत्या व्होल्टेजची तार जोडली आहे ते) तपासा. २२० च्या टॅपला २४० व्होल्ट दिले तर ट्यूब तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटरला जवळपास ६.९ मिळतात आणि ट्यूबचं आयुष्य घटतं. सुट्या भागांचं किट घेऊन स्वतः जोडणार असाल तर लक्षात ठेवा, अ‍ॅम्प बंद करून प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणे शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. रेझिस्टरमधून ते उतरवून, मीटरवर शून्याजवळ दिसल्याशिवाय आत बोट घालू नका.

ऐकायला जाल तेव्हा पेडल घरी ठेवा. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम दोन-तृतीयांश उघडा, जोरात वाजवा, मग गिटारचा नॉब १० वरून ४ वर आणा. आवाज स्वच्छ होत गेला आणि तरी गुदमरला नाही, तर तो क्लोन घ्या.