मॉलचे काउंटर की घाऊक गाळा: प्रशिक्षण कोणते घ्यावे?

बारावीनंतर दुकानदारीच्या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्यांपुढे आज मुख्यतः तीन वाटा आहेत: प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील अल्पमुदतीचा अभ्यासक्रम, शिकाऊ उमेदवारी (म्हणजे करारावर प्रत्यक्ष दुकानात काम करत शिकणे), किंवा प्रमाणपत्राच्या फंदात न पडता थेट घाऊक व्यापाऱ्याच्या गाळ्यावर रुजू होणे. यांतली निवड करण्याआधी आपल्याला मॉलमध्ये उभे राहायचे आहे की बाजार समितीत, हे ठरवावे लागते, कारण एकीकडचे शिक्षण दुसरीकडे फारसे चालत नाही.

2015 मध्ये सुरू झालेल्या कौशल्य विकास योजनेचे वर्ग विनाशुल्क असतात आणि किरकोळ विक्रीतील कामांची मानके रास्की ही कौशल्य परिषद ठरवते. ग्राहकाशी बोलणे, माल मांडणे, बिल करणे हे तेथे शिकवले जाते. ज्याने अनोळखी माणसाला कधी वस्तू दाखवलेली नाही, त्याची भीड मोडण्यास ते उपयोगी पडते. मात्र जुना माल पुढे आणि नवा मागे हा नियम फळ्यावर समजणे वेगळे, आणि दुकान बंद होता होता दुधाच्या पिशव्यांच्या तारखा पाहत सगळा फ्रीज पुन्हा लावणे वेगळे.

ही उणीव शिकाऊ उमेदवारीत भरून निघते, शिवाय हाती विद्यावेतन येते. 2019 च्या नियमांनी त्याची किमान रक्कम शिक्षणानुसार दरमहा 5,000 ते 9,000 रुपये ठरवली होती. नोंदणीच्या वेळी चालू दर विचारून घ्यावा. 2016 च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के, कमाल 1,500 रुपयांपर्यंतचा भार केंद्र सरकार उचलते. पण 1961 च्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार मानला जात नाही, आणि करारात तशी अट नसेल तर मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. करारावर सही करण्यापूर्वी ही अट शोधावी. बहुतेक जण फक्त रकमेचा आकडा वाचतात.

चारपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेता येत नाही, आणि घाऊक बाजारातले कित्येक गाळे नेमके तेवढेच असतात. वाशीच्या दाणा बाजारात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात म्हणूनच शिक्षण अजून दिवाणजींच्या हाताखाली चालते. पोत्यात पोकळ लोखंडी सळई खुपसून काढलेले दाणे तळहातावर पसरायचे, एखादा दाताखाली फोडून ओल जोखायची आणि त्यावर भाव बोलायचा, हे कोणत्याही वर्गात येत नाही. कोणाला किती दिवसांची उधारी द्यावी, हे तर त्याहून नाही. सुरुवातीचा पगार बेताचा आणि बढती मालकाच्या मर्जीवर असते. तरीही महाराष्ट्रात राज्यांतर्गत 1 लाख रुपयांवरच्या मालाच्या वाहतुकीला लागणारा ई-वे बिल हा जीएसटीचा ऑनलाइन दाखला बिनचूक काढणारा मुलगा पोती मोजण्यापुरता राहत नाही, असे माझे निरीक्षण आहे. या वाटेने जाणाऱ्याने जीएसटी आणि हिशेबाचा एखादा छोटा वर्ग संध्याकाळी जरूर करावा.

मला विचाराल तर नवख्याने शिकाऊ उमेदवारी आधी पाहावी आणि ती जवळपास मिळत नसेल तरच अल्पमुदतीच्या वर्गाकडे वळावे. गाळ्यावर पाच-सात वर्षे काढून मॉलकडे जाऊ पाहणाऱ्याने मात्र पुन्हा पहिलीपासून सुरुवात करू नये. पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय याच कौशल्य विकास योजनेत आहे. तीत थोडक्या तासांची उजळणी आणि परीक्षा झाली की प्रमाणपत्र मिळते.