स्पोकन ट्युटोरियलची मराठी ‘कॅल्क’ मालिका: कॉलेजांनी जरूर घ्यावी, पण अशी

बीकॉम झालेल्या मुलाला हिशेबनिसाच्या हाताखाली बसवलं, की पहिल्याच आठवड्यात समोर शीट येते. येणेबाकी काढा, दोन याद्या जुळवून बघा, तारखांप्रमाणे लावा. पदवीच्या तीन वर्षांत हे सहसा कुणी हाताला धरून शिकवलेलं नसतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमातली लिबरऑफिस कॅल्कची (एक्सेलसारख्याच फुकट प्रोग्रामची) व्हिडिओ-मालिका ही उणीव बऱ्यापैकी भरून काढते. फुकट आहे, मराठीत आहे आणि पाठ साधारण दहा-दहा मिनिटांचे आहेत.

तिचं खरं बळ शिकवण्याच्या पद्धतीत आहे. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्या स्क्रीनवर कॅल्क. एक कृती बघायची, व्हिडिओ थांबवायचा, तीच कृती स्वतः करायची, स्क्रीन जुळली की पुढे जायचं. उदाहरणही ओळखीचं घेतलंय: पगार, घरभाडं, वीजबिल, फोनबिल असा जमाखर्च. आवाज मराठी, पण मेन्यू इंग्रजीत. हे बरंच आहे, कारण ऑफिसातही तेच मेन्यू दिसणार.

कॉलेजात नेमकी हीच पद्धत आधी मोडते. प्रोजेक्टरवर पाठ लावून साठ जणांना दाखवला तर ते नुसतं बघणं होतं, हात हलतच नाहीत. माणशी एक संगणक आणि एक हेडफोन हवाच. हेडफोन नसले की एकच स्पीकर सगळ्यांसाठी वाजतो, आणि मागे पडलेल्याला थांबायची सोय राहत नाही. दहा मिनिटांच्या पाठाला किमान ४० मिनिटं धरा. नेटचा भरवसा नसेल तर पाठ आधीच उतरवून ठेवा.

मालिकेतली ठळक अडचण आवृत्तीची. जुने पाठ उबंटू १०.०४ (विंडोजसारखी संगणकप्रणाली) आणि लिबरऑफिस ३.३.४ वर केलेले आहेत. त्यात ओळ घालायला ‘इन्सर्ट’ मेन्यूत जातात. नव्या कॅल्कमध्ये ते काम ‘शीट’ मेन्यूत गेलंय. सूत्र कॉपी करताना त्यातला पत्ता बदलू नये म्हणून डॉलरचं चिन्ह लावायला पूर्वी शिफ्ट आणि एफ४ लागायचं, आता नुसतं एफ४ पुरतं (लॅपटॉपवर बहुधा एफएनसोबत). अशा बदलांचा एक कागद शिक्षकाने पहिल्याच दिवशी भिंतीवर लावावा, नाहीतर मुलं ‘आमच्यात हे नाहीच’ म्हणून थांबतात. ऑफिसात एक्सेल असेल तर आणखी एक फरक सांगून ठेवा: दुसऱ्या शीटचा पत्ता लिहिताना शीटच्या नावानंतर कॅल्क टिंब घालतं, एक्सेल उद्गारचिन्ह.

पण नोकरीत खरी गाडी अडते ती मळकट डेटावर. पाठातली शीट स्वच्छ असते, बँकेतून किंवा टॅलीतून आलेली नसते. तारखांचंच बघा. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ०५/०४/२०२४ ही ५ एप्रिल न राहता ४ मे होते. १३/०४/२०२४ मध्ये तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती मजकूर म्हणूनच पडून राहते. एकाच स्तंभात अर्ध्या तारखा चुकीच्या, अर्ध्या मजकूर. क्रम लावला की सगळा गोंधळ. फाइल उघडताना जी आयातीची खिडकी येते, तिच्यात त्या स्तंभाचा प्रकार ‘दिवस-महिना-वर्ष’ निवडला तर हे टळतं. त्याच खिडकीत खातेक्रमांकाच्या स्तंभाला ‘मजकूर’ निवडा, नाहीतर सुरुवातीचे शून्य उडतात आणि पंधरा अंकांपुढचे आकडेही बिघडतात.

बेरीज कमी येत असेल तर कंट्रोल-एफ८ दाबून बघायला शिकवा. आकडे निळे, सूत्रं हिरवी, मजकूर काळा दिसतो. मजकूर म्हणून पडल्यामुळे बेरजेतून सुटलेले ‘आकडे’ काळ्या रंगात लगेच सापडतात. व्हीलुकअप, म्हणजे यादीतून नाव शोधून त्याच्यासमोरचा भाव आणणारं सूत्र. त्यात शेवटी शून्य द्यायचं राहिलं की ते यादी क्रमाने लावलेली आहे असं धरून जवळचं उत्तर उचलतं. बहुतेकदा चूक दाखवत नाही, चुकीचा भाव मात्र देऊ शकतं. बिलात असं झालं तर ग्राहकाला कळेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. व्हीलुकअप आणि पिव्होट टेबलला (लांब यादीचा गटवार गोषवारा काढणाऱ्या तक्त्याला) संस्थेने स्वतःचे सहा-आठ तास जोडावेत.

उपक्रमाची ऑनलाइन परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे, ते घ्यावं. पण मुलाखतीला पाठवण्याआधी कॉलेजने आपलीही परीक्षा घ्यावी. ३०० ओळींची विक्रीची फाइल द्या. तिच्यात दहा ओळी दोनदा, काही तारखा उलट्या, ग्राहकांच्या नावांमागे जास्तीच्या मोकळ्या जागा आणि पाच रकमा मजकूर म्हणून टाकलेल्या असू द्या. वेळ ४५ मिनिटं. मागायचं एवढंच: ग्राहकवार येणेबाकी, आणि फाइलमध्ये काय काय दुरुस्त केलं त्याची यादी. अर्धे गुण त्या यादीला ठेवा.