टोमॅटो-वांग्याच्या सोबतीला काय लावावं: झेंडू की फुलावर सोडलेली कोथिंबीर?

परसातल्या भाजीला कीड लागू नये म्हणून सोबतीचं पीक लावायचं म्हटलं की पहिलं नाव झेंडूचं निघतं. मीही तिथूनच सुरुवात केली. नाशिकला मखमलाबादच्या बाजूला घरामागे दोन गुंठ्यांची पट्टी आहे. पावसाळ्यात टोमॅटो, वांगी, थोडी मिरची, थंडीत कोबी-फ्लॉवर. तीन पावसाळे झेंडू लावला, पुढची दोन वर्षं कोथिंबीर. कोथिंबीर म्हणजे जुडीसाठीची नव्हे, न कापता मुद्दाम फुलावर जाऊ दिलेली. ज्यांच्याकडे दोन्ही लावण्याइतकी जागा नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

झेंडूच्या उग्र वासानं कीड पळते, असं सगळेच सांगतात. टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीपुरतं तरी हे उलट आहे. तिचा पतंग झेंडूच्या कळ्या-फुलांकडे ओढला जातो आणि अंडी तिथे घालतो, म्हणून तर झेंडूला सापळा पीक म्हणतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ अशी आहे. लावताना टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं आणि झेंडूचं ४५ दिवसांचं हवं. टोमॅटो फुलावर येईल तेव्हा झेंडू फुललेला असला पाहिजे, म्हणून वयातलं हे अंतर. पहिल्या वर्षी मी रोपवाटिकेतून दोन्ही रोपं एकाच वयाची आणली. झेंडूला कळी दिसेपर्यंत सुपारीएवढ्या टोमॅटोंना देठाजवळ भोकं पडली होती, आणि एका भोकातून अळीचं निम्मं अंग बाहेर होतं. दुसऱ्या वर्षी झेंडूचं बी घरीच २० दिवस आधी टाकलं, तेव्हा वेळ जुळली.

वेळ जुळली की झेंडू काम करतो, यात शंका नाही. सकाळच्या उन्हात कळी बोटांत धरून फिरवली की खसखशीच्या दाण्याएवढं पिवळसर पांढरं अंडं दिसायचं. अशा कळ्या खुडून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. हा सापळा रोज रिकामा करावा लागतो. चार दिवस गावाला गेलात तर त्याच कळ्यांत अळ्या वाढतात आणि आपणच त्यांना पोसल्यासारखं होतं. मला त्या खुडण्याचा कंटाळा नव्हता. उलट, आपण काहीतरी करतोय हे डोळ्यांना दिसायचं, त्याचं समाधान वेगळंच.

अडलं ते नवरात्रात. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला टोमॅटो आपल्याकडे नेमका तेव्हा भरात असतो. घटस्थापनेपासून घटाला रोज माळ लागते. दारात झेंडू फुललेला असताना आईला बाजारातून फुलं आणायला कसं सांगणार? शेजारच्या दोन घरांतही घट बसतात. त्यांच्या मुली सकाळी परडी घेऊन यायच्या. देवीसाठी मागितलेल्या फुलांना नाही म्हणणं मला जमत नाही, जमावं असंही वाटत नाही. नवव्या माळेपर्यंत झाडं ओकीबोकी व्हायची. उरलंसुरलं दसऱ्याच्या तोरणाला, गाडीला, अवजारांना. झाडावर उमललेलं एक फूल राहायचं नाही, फक्त मुगाएवढ्या कळ्या. पुढच्या आठवड्यात टोमॅटोच्या पाटीत भोकाची फळं दिसू लागायची. पाटीमागे दोन-तीन निघायची, ती दसऱ्यानंतर दहा-बारांवर जायची. तिन्ही वर्षं हेच झालं. तिसऱ्या वर्षी घरच्या फुलांसाठी म्हणून वेगळी ओळ लावली, तर मागणाऱ्यांची संख्या वाढली आणि दोन्ही ओळी रिकाम्या झाल्या. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पुन्हा तेच.

कोथिंबिरीकडे वळलो तो याच कारणानं. फुलावर गेलेली कोथिंबीर कोणी मागत नाही. पानं दोऱ्यासारखी बारीक होतात, देठ कडक होतो. मग ती वाफ्याच्या कडेला निवांत उभी राहते.

तिचं काम मात्र अगदी वेगळं आहे. ती पतंगाला अडकवत नाही, किडीच्या शत्रूंना जेवायला घालते. तिची बारीक पांढरी फुलं छत्रीसारखी उघडी असतात, मध वरच्यावरच असतो. किडीच्या अंगात अंडी घालणाऱ्या, लहान तोंडाच्या परोपजीवी गांधीलमाश्यांना झेंडूच्या दाट पाकळ्यांतून वाट काढणं कठीण जातं, इथे त्या सहज टेकतात. सकाळी नऊच्या सुमाराला फुलांपाशी बसा. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची सिरफिड माशी हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबते, मग वीतभर सरकून पुन्हा थांबते. तिच्या अळ्या मावा खातात. ढालकिडे (लेडीबर्ड) येतात, त्यांची काळी, नारिंगी ठिपक्यांची काटेरी अळी येते. ती दिसायला भीतिदायक असते, म्हणून अनेक जण तिलाच कीड समजून चिरडतात. कृपा करून तसं करू नका, एकटी असली तरी ती दिवसाला कितीतरी मावा फस्त करते.

मला खरी खात्री पटली ती थंडीत, कोबीच्या पानाखाली. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळ्या शोधत होतो. एका पानावर सुकलेली अळी दिसली आणि तिला लागून तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोष. अळीच्या अंगात वाढून बाहेर पडलेल्या परोपजीवी गांधीलमाशीचा तो कोष. त्या वाफ्यात असे सात-आठ कोष मोजले. झेंडूच्या वर्षांत एकही पाहिल्याचं आठवत नाही. कदाचित तेव्हा मी इतकं वाकून पाहत नसेन, हेही खरं.

कोथिंबिरीच्या बाजूनं सगळंच गोड आहे असं नाही. जुलैच्या झडीत ती आडवी होते, सडते. पहिल्या वर्षी माझी निम्मी गेली. आता गादीवाफ्याच्या कडेला पेरतो आणि पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तीन हप्ते करतो, म्हणजे कुठला तरी हप्ता फुलात असतो. पेरल्यापासून फुलायला दीड-दोन महिने लागतात, तेवढं आधीच धरून चालायचं. तिच्यावर मावा येतो, पण तो तिच्याच कुळात, म्हणजे बडीशेपेसारख्यांवर रमतो. टोमॅटो-वांग्याकडे गेलेला मी पाहिला नाही. उलट त्याच माव्यावर ढालकिडे टिकून राहतात. एकच पथ्य कडक आहे: ती फुलात असताना तीव्र कीटकनाशक मारायचं नाही. फारच गरज पडली तर पाच टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी.

आकडे विचाराल तर झेंडू ऐन भरात असताना टोमॅटो जितका स्वच्छ निघायचा, तितका कोथिंबिरीसोबत निघत नाही. पाटीमागे चार-पाच भोकाची फळं राहतात. पण ती सप्टेंबरातही तेवढीच आणि दिवाळीतही तेवढीच. शेंडा पोखरणाऱ्या अळीनं वांग्याचे शेंडे सुकणं कमी झालं असं मला वाटतं. मात्र सुकलेला शेंडा दिसला की मी तो लगेच कापून नष्ट करतो, त्यामुळे श्रेय कोणाचं हे छातीठोकपणे सांगणार नाही. मिरचीवरचा मावा मात्र दोन वर्षांत त्रास देण्याइतका वाढलाच नाही.

तुमच्या टोमॅटोच्या मुळांना गाठी दिसत असतील, म्हणजे जमिनीत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी) असतील, तर झेंडूच लावा. त्याच्या मुळांतल्या द्रव्यानं सूत्रकृमी कमी होतात. त्यासाठी कडेची एक ओळ पुरत नाही. टोमॅटोच्या आधी दोन-तीन महिने पूर्ण वाफाभर दाट झेंडू हवा. फक्त टोमॅटोच घेत असाल, रोज कळ्या पाहायला वेळ असेल आणि नवरात्रात फुलं राखणं तुम्हाला जमत असेल, तरीही झेंडू उत्तम. घरात चार प्रकारची भाजी असेल, कधी दोन-तीन दिवस बाहेर जावं लागत असेल, तर माझं मन कोथिंबिरीकडे झुकतं. अंगणात तुळशीपाशी झेंडूची सहा झाडं अजून लावतो. ती घटाची आणि शेजारच्या मुलींची, भाजीच्या हिशेबात धरत नाही.

बी वेगळं आणायची गरज नाही. वाण्याकडचे नव्या हंगामाचे, किंचित हिरवट धने चालतात. चपलेच्या तळव्यानं हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर ओळीत टाका. पहिली जुडी घरात कोणी मागितली तर खुशाल द्या, पण प्रत्येक हप्त्यातली हातभर ओळ तेवढी कापू देऊ नका.