परदेशी गेलेल्या नातलगांचा माग: कोणत्या वंशावळ-साइटवर पैसे टाकावेत, कोणत्या फुकट वापराव्यात

वर्षभराची वर्गणी भरायची घाई करू नका. 'आजोबांचा धाकटा भाऊ मुंबईहून बोटीने विलायतेला गेला आणि तिकडेच राहिला', एवढ्याच माहितीवर शोध सुरू होत असेल तर पहिला टप्पा फुकटात होतो. पैशाचं काम निघालंच तर तेही नीट तयारी केल्यास महिनाभरात उरकतं. कोणती साइट घ्यायची हे तो माणूस कोणत्या देशात आणि कोणत्या साली गेला यावर ठरतं. 'अब्जावधी नोंदी' या जाहिरातीला काही अर्थ नाही, कारण त्यातल्या बहुतेक आपल्या कामाच्या नसतात.

सुरुवात फॅमिलीसर्चपासून करावी. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची ही साइट पूर्ण मोफत आहे, फक्त खातं उघडावं लागतं. अमेरिकेला गेलेल्यांसाठी इथली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे पहिल्या महायुद्धातली सैन्यभरतीची कार्डं. १२ सप्टेंबर १९१८ च्या नोंदणीत १८ ते ४५ वयाच्या, आधी नोंद न झालेल्या पुरुषांना नाव द्यावं लागलं, परदेशी नागरिकांनाही. कार्डावर पूर्ण जन्मतारीख आणि जवळच्या नातलगाचं नाव असतं. काही नोंदींपुढे कॅमेरा आणि किल्लीचं चिन्ह दिसतं. त्यांचा फोटो घरच्या संगणकावर उघडत नाही, त्यासाठी त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावं लागतं. इथलं वंशवृक्ष सगळ्यांचं सामायिक आहे, कोणीही त्यात बदल करू शकतं. त्यामुळे नोंदी शोधायला साइट उत्तम, पण झाडावर लिहिलेलं मूळ कागद पाहिल्याशिवाय खरं धरू नये.

विलायतेसाठी मात्र पैसे मोजावे लागतात. ब्रिटनमध्ये येणाऱ्या प्रवाशांच्या १८७८ ते १९६० च्या याद्या अँसेस्ट्री या वर्गणीच्या साइटवर आहेत. त्यांत युरोप आणि भूमध्य समुद्राबाहेरच्या बंदरांतून निघालेल्या बोटी येतात, म्हणजे मुंबईच्या बोटी आल्याच. दोन ठिकाणी माणसं अडकतात. पहिलं, मार्सेलला उतरून रेल्वेने लंडन गाठणारे पुष्कळ होते आणि ते या यादीत नसतात. दुसरं, बोट सिडनीहून निघून वाटेत मुंबईला थांबली असेल तर सूचीत बंदर म्हणून सिडनीच लागलेलं असतं. 'बॉम्बे' टाकून काही मिळालं नाही तर बंदराचा रकाना रिकामा सोडून फक्त साल आणि वय टाकावं. शिवाय मुंबईकर मुंबईहूनच निघाला हे गृहीत धरू नये. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या त्या कलकत्त्याहून.

माणूस ब्रिटनमध्ये उतरल्यानंतरचा माग जनगणनेत लागतो, पण तिथे मोठी खिंडारं आहेत. १९२१ ची जनगणना फाइंडमायपास्ट या वर्गणीच्या साइटने जानेवारी २०२२ मध्ये खुली केली. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची मूळ कागदपत्रं १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. म्हणून तिशीच्या दशकात गेलेल्यांसाठी २९ सप्टेंबर १९३९ ची, सरकारने केलेली रहिवाशांची नोंदवही हाच मोठा आधार उरतो. त्यात जन्मतारीख आणि व्यवसाय मिळतो. मात्र शंभर वर्षं पूर्ण न झालेल्या आणि मृत्यूची खात्री न पटलेल्या माणसांच्या ओळी काळ्या केलेल्या असतात.

फाइंडमायपास्टवरचा 'ब्रिटिश इंडिया' हा गठ्ठा पाहून भुलू नका. त्यात मुख्यतः युरोपियनांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं आहेत. ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन कुटुंब असेल तर जरूर पाहावं, नाहीतर त्यासाठी एक रुपयाही घालवू नये. बॅरिस्टर व्हायला गेलेल्या माणसासाठी मिडल टेंपल या लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या संस्थेची प्रवेशाची वही जास्त कामाची आहे. ती मोफत पाहता येते आणि वडिलांचं नाव-गाव देते.

खरा घोळ आपल्या नावांचा. या सगळ्या साइट एक नाव आणि एक आडनाव, या साच्यात बांधलेल्या आहेत. 'गोविंद रामचंद्र साठे' यांची सूची करणाऱ्याने रामचंद्र हेच आडनाव धरलेलं असू शकतं, किंवा 'गोविंदराव' हे सगळं एकच नाव. म्हणून तीन शोध वेगवेगळे करावेत: आडनावाच्या जागी आडनाव, आडनावाच्या जागी वडिलांचं नाव, आणि आडनाव कोरं ठेवून फक्त पाळण्यातलं नाव. स्पेलिंगसाठी तारांकन (*) आणि प्रश्नचिन्ह (?) वापरावं. तारांकन कितीही अक्षरांच्या जागी चालतं, प्रश्नचिन्ह एकाच. अँसेस्ट्रीवर किमान तीन अक्षरं ठाम द्यावी लागतात आणि पहिलं किंवा शेवटचं यांपैकी एक तरी अक्षर पक्कं हवं. वैद्य, वाघ, वर्तक अशांसाठी पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकावं, कारण व्ही आणि डब्ल्यू दोन्ही सापडतात. 'कर'वाल्यांनी पहिली तीन-चार अक्षरं देऊन पुढे तारांकन टाकावं. जन्मसाल ताणून बसू नये, यादीतल्या वयावरून ते काढलेलं असतं. दोन वर्षं इकडेतिकडे धरा. घरच्या कागदावर शके साल असेल तर त्यात ७८ मिळवायला विसरू नका.

अमेरिकेच्या बोटयाद्या याबाबतीत सर्वांत दिलदार. १९०७ नंतरच्या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नाव-पत्ता लिहिलेला असतो. तिथे गिरगावातला किंवा पुण्यातला ओळखीचा पत्ता दिसला की ओळख पटलीच. ही यादी जोडपानाची असते आणि जन्मगाव दुसऱ्या पानावर असतं. पुष्कळ जण पहिलंच पान उतरवून घेतात, पुढचं बटण दाबतच नाहीत. वंशाच्या रकान्यात 'हिंदू' दिसलं तर त्यावरून धर्म ठरवू नका. १९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकन जनगणनांतही सगळ्या भारतीयांना हेच लेबल होतं, मग माणूस शीख असो वा मुसलमान.

कोकणातून मजुरीला गेलेल्यांचा शोध या खासगी कंपन्यांकडे जवळजवळ नाहीच. मुंबई बंदरातून मॉरिशसला मजूर पाठवायला १८४२ च्या कायद्याने परवानगी मिळाली. फिजीची जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून सुटत, त्या याद्या मराठी कुटुंबाने चाळण्यात फारसा अर्थ नाही. मॉरिशसच्या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत आणि शोध त्यांच्यामार्फतच करावा लागतो. प्रत्येक मजुराला क्रमांक होता. तो हाती असेल तर काम सोपं, नसेल तर जहाज, साल आणि वडिलांचं नाव द्यावं. आडनाव बहुधा मिळणार नाही. गावांची स्पेलिंग कानाला ऐकू आली तशी आहेत. आणि तिथे 'कुलाबा' दिसलं की दक्षिण मुंबई समजू नका, तो कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड.

पूर्व आफ्रिकेसाठी वर्गणीच्या साइट जवळपास निरुपयोगी. केनियाचं जुनं सरकारी राजपत्र गॅझेट्स डॉट आफ्रिकावर मोफत आहे. वारसाच्या नोटिसा आणि सरकारी नेमणुका यांत आडनाव शोधता येतं. छपाई जुनी असल्याने अक्षरं चुकीची वाचली जातात, म्हणून एकाच आडनावाची चार स्पेलिंगं टाकावीत.

पैशाचं: चौदा दिवसांच्या मोफत चाचणीलाही कार्ड द्यावं लागतं आणि मुदत संपली की वर्गणी आपोआप सुरू होते. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करावा लागतो, आणि परकीय चलनाचं शुल्क वर लागतं. अँसेस्ट्रीची वर्गणी बंद झाल्यावर तुम्ही बांधलेला वंशवृक्ष राहतो, पण त्याला जोडलेल्या बहुतेक नोंदींचे फोटो उघडत नाहीत. म्हणून सापडलेलं प्रत्येक पान त्याच दिवशी उतरवून घ्यावं आणि फाइलच्या नावात जहाजाचं नाव, तारीख आणि यादीतला ओळक्रमांक टाकावा.